निरामिष आमिष

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात बोलण्याविषयी चिटणीसांचे पत्र आले तेव्हा विषय त्यांनी माझ्यावरच सोपविला होता. आजवर या व्यासपीठावरून शिक्षण, लग्नातील खर्च, गावच्या शाळेची इमारत अशा विषयांवर पुष्कळ चांगली भाषणे झाली आहेत. मी मात्र माशाच्या गळाला लावावयाच्या खाद्याविषयी बोलेन असे कळविले. उत्तरादाखल जे पत्र आले त्यात 'विषय निश्चित आहे ना?' अशी नम्र पृच्छा होती. विषय निश्चित आहे, आणि तो का निवडला हे आरंभीच सांगितलेले बरे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, सुट्टीसाठी गावी आलेल्या आपल्याच काही घरांतील मुलांनी नदीच्या एका डोहात ब्लीचिंग पावडर टाकली. तासाभरात डोहभर मासे उताणे तरंगू लागले. मुलांनी दोन घमेली मासे उचलून नेले. जे टाकून दिले ते त्याच्या कितीतरी पट होते: बोटाएवढी पिले, झिंगे, खेकडे, आणि दगडाच्या कपारीतून अर्धवट बाहेर आलेली एक हातभर लांब वाम. त्या पाण्यावर गुरे येतात. दुसऱ्या दिवशी दुर्गंधीने तेथे उभे राहवेना. संध्याकाळी गावकीची बैठक बसली व मुलांना यथास्थित बोलणी मिळाली. मलाही, मास्तर म्हणून, चार शब्द सांगण्याचा आग्रह झाला. मी उठलो; परंतु माझ्या तोंडून शब्द निघेना.

त्याचे कारण आज प्रथमच चारचौघांत सांगतो. मी अकरा-बारा वर्षांचा असताना, आमच्या कुडपणच्या ओढ्याच्या एका कोंडीत थोरल्या मुलांनी रामेठ्याची साल ठेचून टाकली होती. त्या रामेठ्याचा भारा रानातून मी वाहून आणला होता. रामेठा माशांना गुंगी आणतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात ओढा तुटून पाण्याची डबकी राहिलेली असतात, तेव्हा एवढेसे विष पुरते. आम्ही मासे खाल्ले. पुढची दोन वर्षे त्या कोंडीत एक मळ्या दिसला नाही. माझे आजोबा गळ लावून मासे धरीत. त्यांनी मला मारले नाही. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि नंतर एवढेच म्हणाले, "पोरा, मासा तुज्या भुकंवर नाय येत. त्येच्या भुकंवर येतो."

बैठक संपल्यावर त्या मुलांपैकी एकजण माझ्याजवळ आला. म्हणाला, "गुरुजी, आम्ही आधी दोन दिवस गळ लावून बसलो होतो. पावाचा तुकडा लावला होता. एकही मासा लागला नाही." हे उत्तर मला झोंबले. मुलगा मुंबईत वाढलेला. त्याला गळाचे ज्ञान कोठून यावे? ते माझ्याजवळ होते, आणि मी ते त्याला दिले नव्हते. म्हणून आजचे हे भाषण. मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे, मत्स्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे आजोबांकडून मिळाले, जे नदीकाठी पाहिले व जे थोडेफार वाचले, त्यावर हे आधारलेले आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मास्तराची ही खोड जात नाही. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मांस. यावरूनच सामिष व निरामिष हे शब्द आले. गळाला मांसाचा तुकडा लावीत, म्हणून प्रलोभनाला आमिष म्हणू लागले. मरळ, शिंगटा, वाम या माशांच्या बाबतीत हा अर्थ अगदी बरोबर आहे. त्यांना गांडूळ, बेडकी, लहान मासळी हवी. परंतु कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस ही जी मंडळी आज बाजारात 'गोड्या पाण्याची मासळी' म्हणून मिळतात, आणि आपल्या नद्यांतील खवल्यांचे जे मासे त्यांचे भाऊबंद आहेत, ते बहुतांशी पीठ, दाणा, शेवाळ व फळे यांवर येतात. इंग्रजीत या कुळास कार्प म्हणतात. या कुळाचे आमिष हे बहुधा निरामिष असते. ज्यांच्या घरी श्रावण कडक पाळला जातो त्यांनाही ते हाताने मळावयास हरकत नाही.

असे का, याचे उत्तर माशाच्या तोंडात आहे. कार्प कुळातील माशाच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात, कल्ल्यांच्या मागे. तेथे तो अन्न चुरडतो. त्याला आपल्यासारखे जठरही नसते. अन्न घशातून सरळ आतड्यात जाते. त्यामुळे मरळीप्रमाणे एकदाच मोठा घास गिळून दिवसभर पडून राहणे त्याला जमत नाही. तो दिवसभर थोडेथोडे टिपीत फिरतो. ओठ मऊ असतात. समोर आलेली वस्तू तो पाण्यासकट आत ओढून घेतो, चव पाहतो, आणि न आवडल्यास त्याच क्षणी बाहेर फुंकून टाकतो. गळाचे टोक त्याला टोचले, गोळा दगडासारखा लागला किंवा हाताला तंबाखूचा, साबणाचा, रॉकेलचा वास असला, तर त्याने फुंकून टाकलाच म्हणून समजा. वर बसलेल्या माणसाला केवळ तरंड किंचित हललेले दिसते. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो, 'पाण्यात मासेच नाहीत.' आणि मग पावडरीचे पोते आठवते.

तोंडाची ठेवण पाहिली की मासा कोठे चरतो हेही कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते व त्याला मिशा नसतात. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात फिरतो. त्याच्या खालच्या ओठाला झालरीसारखी कड असते. मृगळाचे तोंड खाली झुकलेले, म्हणून तो तळ धरून राहतो. सायप्रिनस हा परदेशचा पाहुणा. तो १९३९ साली सिंहलद्वीपातून निलगिरीत आणि पुन्हा १९५७ साली बँकॉकहून आपल्या देशात आणला गेला. त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात, आणि चिखलात तोंड खुपसून तो अन्न शोधतो. तेव्हा कटल्यासाठी तळाशी गोळा सोडून बसणे हे दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला तळमजल्यावर ताट वाढण्यासारखे आहे.

आता आमच्या कुडपणकडे वळतो. आमचे गाव रायगड, सातारा व रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळ, सह्याद्रीच्या माथ्यालगत. ओढे उभ्या कड्यावरून दरीत कोसळतात. असा कडा चढून खालचा मोठा मासा वर येऊ शकत नाही, त्यामुळे कुडपणच्या पोराला गळाचे पहिले धडे लहान माशांवरच घ्यावे लागतात. त्यांतला मुख्य मळ्या. हा वीतभरही न वाढणारा, पोटाकडून दगडाला चिकटून राहणारा आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा. त्याला आजोबा हिरव्या शेवाळाची बारीक वळी किंवा शिजलेल्या नाचणीचा मुगाएवढा ठिपका लावीत. गळ इतका लहान की माझ्या बोटांना तो धरता येत नसे.

या मळ्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. इंग्रजी अमदानीत कर्नल साइक्स नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांवर निबंध लिहून तो १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. या गृहस्थांनी एक चांगली गोष्ट केली. कित्येक माशांना लोकांच्या तोंडी जी मराठी नावे होती तीच त्यांनी शास्त्रीय नावांत घातली. मळ्याचे 'मुल्या' झाले, खडशीचे 'खुद्री' झाले, कोळशीचे 'कोलस' झाले. जगातील कोणत्याही देशाचा मत्स्यशास्त्रज्ञ आज हीच नावे लिहितो. आपली मुले मात्र या सर्वांना 'छोटा मासा' व 'मोठा मासा' म्हणतात.

गळाचे शास्त्र इंग्रजांनी आणले असा एक समज आहे, तोही खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीचे नमुने त्यात सापडतात म्हणून आपल्याकडील अभ्यासकांना तो परिचित आहे. त्यात 'मत्स्यविनोद' असे प्रकरण आहे. माशांच्या जाती, काठी, दोरी, गळ आणि कोणत्या माशास काय खाऊ घालावे, याचा विचार राजाने त्यात केला आहे. इंग्लंडात आयझाक वॉल्टनचा गळावरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला तो १६५३ साली, म्हणजे शिवछत्रपतींनी आमच्या शेजारची जावळी घेतली त्याच्या तीन वर्षे आधी. वॉल्टनही कार्पसाठी मध घातलेल्या गोड लगद्याची शिफारस करतो. देश दोन, काळ दोन. मासा मात्र पिठाच्याच गोळ्यावर आला.

तेव्हा गोळा कसा करावा हे सविस्तर सांगतो. भगिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण पीठ त्यांच्याच डब्यातून जावयाचे आहे. आमच्याकडे पीठ नाचणीचे. दक्षिणेत कावेरीवर महसीर धरणारेही नाचणीच्याच उकडलेल्या गोळ्यावर विश्वास ठेवीत आले आहेत, हे मी पुढे वाचले तेव्हा आजोबांच्या आठवणीने मला मोठा आनंद झाला. दोन वाट्या नाचणीचे पीठ, अर्धी वाटी भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड आणि सुपारीएवढा गूळ घ्यावा. पाण्याला आधण आणून, मोदकाच्या उकडीप्रमाणे पीठ त्यात घालून वाफ आणावी. गरम असतानाच चांगले मळावे. मळताना चिमूटभर पिंजलेला कापूस तोडून त्यात मिसळावा; त्याच्या तंतूंमुळे गोळा गळावरून सुटत नाही. हिंग, वेलची, बडीशेप यांविषयी प्रत्येक गळकऱ्याचे मत वेगळे असते व प्रत्येकजण आपले गुपित राखतो. मी या गुपितांना फारसे महत्त्व देत नाही. ताजे पीठ आणि स्वच्छ हात यांनी जे काम होते ते अत्तराने होत नाही.

गोळा साधला की नाही, याची परीक्षा तांब्यात करावी. पाणी भरलेल्या तांब्यात एक गोळी सोडून ठेवावी. पाच मिनिटांत ती विरघळली तर उकड कच्ची आहे. अर्ध्या तासाने बाहेर काढून दाबली आणि आतबाहेर सारखीच कडक लागली तर ती जास्त शिजली आहे. बाहेरून थोडी सैल व आतून घट्ट, अशी हवी. यात एक कारण आहे. मासा लागल्यावर आपण काठी उचलतो तेव्हा गळाचे टोक गोळीतून फाटून बाहेर आले पाहिजे. गोळी कडक असेल तर टोक आतच अडकते आणि मासा ती थुंकून निघून जातो. नवशिक्याचे निम्मे मासे येथे सुटतात. आमच्या मुलांच्या पावाची गत उलटी होती. कोरडा तुकडा पाण्यात पडताच फुगून गळावरून सुटला, आणि दोन दिवस बिचारे रिकाम्या गळापाशी बसले! पाव वाईट असे नव्हे. १९५२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोचा कार्प धरला तो पावावरच. परंतु त्यांनी त्याचा मळून लगदा केला होता व वरच्या कवचाचा तुकडा जोडून त्याचे वजन पाण्यात तोलले होते.

गोळीचा आकार माशाच्या तोंडाप्रमाणे असावा. सामान्य रोहू-मृगळाला शेंगदाण्याएवढी पुरे. मोठ्या खडशीला लिंबाएवढा गोळा लावणारे मी पाहिले आहेत. सायप्रिनसला भिजवून शिजविलेला मक्याचा दाणा आवडतो. कटल्यासाठी पेंड व कोंडा यांचा सैल गोळा वरच्या थरातच विरघळत राहील असा तरंडाखाली थोड्या अंतरावर बांधावा. आणि नदीवर झुकलेले उंबर असेल तर पीठ मळण्याचे कष्टच घेऊ नयेत. पिकलेली उंबरे पाण्यात टपटप पडतात व खडशी खाली वाट पाहत असते. तेच फळ गळाला लावावे. मासा जे खातच आहे ते त्याला देण्यासारखे दुसरे आमिष नाही.

जेथे बसावयाचे तेथे आदल्या दिवशी थोडा चारा टाकावा, हे ठीक. परंतु थोडा. मूठभर पेंड-कोंडा माशांना गोळा करतो. पाटीभर टाकली तर मासे पोट भरून निघून जातात, आणि उरलेली कुजून पाण्यातील प्राणवायू खाते. कच्चे कोरडे धान्य तर टाकूच नये, ते फुगते.

ऋतूचे थोडक्यात सांगतो. थंडीत पाणी गार झाले की मासा मंदावतो, पचन मंदावते; गोळी लहान करावी व दुपारी बसावे. उन्हाळ्यात पहाट आणि तिन्हीसांज. पाणी गढूळ असले तर डोळ्यापेक्षा वासावर भिस्त, म्हणून पेंड अधिक. पहिल्या पावसात, वलगणीच्या वेळी, गळ खुंटीला टांगून ठेवावा. गाभोळीने भरलेल्या माद्या तेव्हा प्रवाहावर चढत असतात. लोक त्यांना काठ्यांनी मारतात, टोपल्यांनी भरतात, आणि पुढच्या मे महिन्यात नदीला मासा नाही म्हणून हळहळतात. मला हे ब्लीचिंग पावडरीच्या खालोखाल वाईट वाटते. कित्येकांना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

गळाचे सर्वांत चांगले शिक्षण, माझ्या मते, जेथे गळ टाकण्यास बंदी आहे अशा ठिकाणी मिळते. महाडजवळ, सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथे वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि डोहातील मासे देवीचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाही. भाविक कुरमुरे टाकतात व मोठमोठे मासे थव्याने वर येतात. मी शाळेच्या मुलांना तेथे नेत असे. कुरमुरे टाकून झाल्यावर सांगे, आता ओरडू नका, एकाच माशाकडे पाहा. तो तोंड कसे उघडतो? दाणा आत ओढल्यावर किती वेळाने गिळतो? काय बाहेर टाकतो? तासभर असे पाहिलेल्या मुलाला गोळीविषयी फार सांगावे लागत नाही. शिवाय जो मासा कधी धरावयाचा नाही, त्याच्याकडे डोळे भरून पाहता येते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पाण्यात स्फोटके वापरून किंवा विष घालून मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. 'आम्हाला माहीत नव्हते' ही सबब सव्वाशे वर्षांनंतर चालावयाची नाही. तलाव व धरणे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे त्यांची परवानगी घेतल्याशिवाय बसणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील भात कापणे. आणि महाडच्या बाजूला सावित्रीत मगरी आहेत; तेथे पाण्यात पाय सोडून बसू नये, मुलांना तर मुळीच बसू देऊ नये.

गेल्या दिवाळीत तीच मुले पुन्हा आली. मी त्यांना घेऊन ओढ्यावर गेलो, ज्या कोंडीत मी रामेठा वाहिला होता तिच्यावर. चिव्याच्या काठ्या मी आधी तोडून वाळवून ठेवल्या होत्या, तंगूस मुलांनी मुंबईहून आणले होते, आणि तरंडासाठी मोराचे पीस कोणीतरी शोधून काढले. गोळा मुलांनीच मळला. पहिली उकड पातळ झाली, दुसरी करपली. घरात माझ्या नावाने जे काही बोलले गेले ते येथे सांगत नाही. पहिला दिवस रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी, ज्याने मला पावाची हकीकत सांगितली होती त्याच मुलाच्या काठीला एक मासा आला, बोटाएवढा. तो विचारू लागला, "गुरुजी, याला काय म्हणतात?" मी म्हटले, मळ्या. त्याने लगेच मोबाईल काढून शोधले, आणि माझ्या डोळ्यांसमोर धरले. लॅटिन नावाचा दुसरा शब्द 'मुल्या' होता. मुलगा बराच वेळ त्या अक्षरांकडे व हातातल्या माशाकडे आळीपाळीने पाहत होता.

मी त्याला हात ओला करावयास सांगितले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. त्याने गळ हलकेच काढला, मासा दगडाजवळ सोडला आणि दुसरी गोळी मागितली. डब्यात नाचणी उरली नव्हती. घरात पुन्हा पीठ मागण्याचे धैर्य मला झाले नाही. तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी आम्ही तांदळाच्या कण्या भिजत घातल्या.